मोहितेबाईंचे आभार

यंदाच्या पंधरा ऑगस्टला मी आमच्या सोसायटीत भांडण केलं. साताऱ्यात मुलाकडं राहायला आल्यापासून तसं मी बरंच सोसलंय, पण त्या दिवशी राहवलं नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, झेंड्याच्या दिवशी तरी गप्प बसायचं." आता झेंड्याच्याच दिवशी डोकं फिरतं, त्याला मी काय करू?

झालं असं. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. पाहुणे म्हणून कुणी एक पुढारी आणले होते, ते स्वतःबद्दल भरपूर बोलले. मग सेक्रेटरी आभाराला उभे राहिले. पुढाऱ्यांचे आभार, पुढाऱ्यांना घेऊन येणाऱ्यांचे आभार, हार देणाऱ्यांचे आभार, आणि शेवटी डोळे मिटून, आवाज जरा हलवून म्हणाले, "ज्या ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी हा सोहळा यशस्वी केला, त्या सर्वांचे आभार न मानता मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो." टाळ्या!

आणि त्यांच्यापासून पाच हातांवर आमचा वॉचमन उभा होता. पहाटे पाचला उठून त्यानं पार्किंग धुतलं होतं, गाड्या हलवून घेतल्या होत्या, खुर्च्या मांडल्या होत्या, खांब पुसला होता. दिवसातनं दहा वेळा ज्याला नावानं हाक मारून पार्सल वर मागवता, तो अज्ञात? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, ते अज्ञात कोण ते जरा दाखवा. मला भेटायचंय त्यांना."

पुढं काय झालं ते सोडा. दोन दिवस माझ्याशी लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न माझा नव्हताच. तो मोहितेबाईंचा. बाई जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि मी त्यांचा प्रश्न त्यांच्या माघारी विचारला. तोंडावर, जेव्हा विचारायला हवा होता तेव्हा, माझी वाचा बसली होती. ते सांगायलाच हे लिहितोय.

रहिमतपूरच्या अलीकडं एका गावात आमचं हायस्कूल. मी तिथं क्लार्क. मोहितेबाई चित्रकलेच्या शिक्षिका. माहेर आटपाडीचं, त्यामुळं पाणी आणि शब्द दोन्ही जपून वापरायची सवय. उंचीनं बेताच्या, रंगानं सावळ्या, चष्म्याला काळी दोरी आणि उजव्या हाताच्या बोटांना कायम कुठला तरी रंग. मालक मिलिटरीत, वर्षातनं एकदा सुट्टीवर. बाई एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. पण संताप आला की आटपाडी बाहेर यायची. "आहे"चं "हाय" झालं की स्टाफरूममधले निम्मे लोक चहाच्या निमित्तानं उठायचे.

बाईंकडं आभारप्रदर्शन कसं आलं? तर ते कुणालाच नको होतं म्हणून. सूत्रसंचालन करायला सगळे पुढं, प्रास्ताविकाला मारामारी, पण आभार म्हणजे लोक चपला शोधत असताना बोलायचं काम. पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी बाईंना सांगितलं, "मोहितेबाई, दोन वाक्यं बोला आणि संपवा." बाईंनी संपवलं ते अर्ध्या तासानं. आणि गंमत म्हणजे चपला शोधायला कुणी उठलं नाही.

त्याचं कारण बाईंची पद्धत. पंधरा ऑगस्ट असो, सव्वीस जानेवारी असो, आदल्या दिवशी दुपारी बाई यादी करायला निघायच्या. हातात जुन्या लग्नपत्रिका. त्यांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायच्या. मैदानावर, स्वयंपाकघरात, शाळेशेजारच्या घरांत, सगळीकडं फिरायच्या आणि प्रत्येकाला एकच विचारायच्या, "तुम्ही काय केलंत?"

"मदत केली की बाई."

"मदत म्हणजे काय? हातानं काय केलंत ते सांगा."

मग समोरचा डोकं खाजवून सांगायचा. खडे वेचले. दोरी धुतली. झेंडूच्या पाकळ्या सोडवल्या. बाई ते तसंच्या तसं लिहून घ्यायच्या. आणि काही केलं नसेल तर नाव नाही, मग तो कुणी का असेना. एकदा संस्थेच्या एका संचालकांनी निरोप धाडला, की यादीत आमचंही नाव असू द्या. बाईंनी निरोप आणणाऱ्याला विचारलं, "त्यांनी काय केलं?" तो म्हणाला, "ते येणारेत." दुसऱ्या दिवशी बाईंनी माईकवर सांगितलं, "अमुक अमुक आले. आल्याबद्दल आभार." बस्स. संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि तक्रार तरी काय करणार? नाव तर घेतलं होतं!

बाईंची यादी खालून वर जायची. आधी झाडणारे, मग पाणी मारणारे, मग चुन्याच्या फक्कीनं मैदानावर रेघा मारणारे, आणि सगळ्यांत शेवटी व्यासपीठ. "हौसाबाईंनी मैदानावर मारायला त्यांच्या बोअरचं पाणी दिलं. त्यांचं स्वतःचं धुणं कालपासनं तसंच पडलंय. हौसाबाई, उभ्या राहा." मग हौसाबाई पदर सावरत उठायच्या, अख्ख्या गावाला नमस्कार करायच्या आणि लाजून खाली बसायच्या. "सातवी ब च्या मुलींनी चार पाट्या खडे वेचले. तरी कुणाच्या पायाला खडा टोचला असेल, तर तो राहून गेलेला आहे." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि आपलं नाव कधी येतंय म्हणून थांबायचे. पाहुण्यांच्या भाषणाला जांभया देणारी माणसं बाईंच्या आभाराला कान टवकारून बसायची.

कुणी नवीन शिक्षक कधी बोलता बोलता "ज्ञात-अज्ञात" म्हणाला, की त्याचं काही खरं नसायचं. "अज्ञात कोण हो? ह्या गावात कुणाच्या म्हशीला कधी रेडकू झालं ते तुमाला ठावं असतंय, आन् झाडून कुणी काढलं ते ठावं न्हाई व्हय? अज्ञात न्हाईत ते, तुमी विचारलं न्हाई!" आणि ते ऋणात राहण्याचं वाक्य तर बाईंना मुळीच सहन व्हायचं नाही. "ऋणात राहायची लय हौस! साधं नाव घ्यायचं तर जीभ झडती का?"

असं होतं बघा. आणि हे बोलणं नुसतं दुसऱ्यांसाठी नव्हतं. एका पंधरा ऑगस्टला बाईंच्याच यादीतनं एक नाव सुटलं. खांबाच्या टोकाची कप्पी गंजून अडकली होती, ती गुलाबभाईंनी आदल्या संध्याकाळी वर चढून, घासून, तेल घालून मोकळी केली होती. वेल्डिंगचं दुकान त्यांचं, फाट्यावर. बाईंना दोन दिवसांनी कळलं. तशाच मधल्या सुट्टीत उन्हातनं दुकानावर गेल्या. मी टपालाला चाललो होतो म्हणून सोबत होतो. गुलाबभाई संकोचून म्हणाले, "जाऊ द्या की बाई. कप्पीचं काय एवढं."

"जाऊ कसं द्या? कप्पी फिरली न्हाई तर झेंडा काय माझ्या भाषणावर चढणार हाय?"

त्यांनी तिथं माफी मागितली. पण तेवढ्यावर भागलं नाही. चुकलं माईकवर, तर निस्तरायचंही माईकवर. पुढच्या सव्वीस जानेवारीला बाई उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य, "गेल्या वेळचे राहिलेले आभार." गुलाबभाई शेवटच्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून घातली, पुन्हा काढली. त्या दिवसापासनं राहिलेले आभार हे बाईंच्या भाषणाचं ठरलेलं पहिलं कलम झालं.

आता तुम्ही म्हणाल, अशी बाई म्हणजे सगळ्यांची लाडकी असणार. कसली लाडकी! गावाची होती, व्यासपीठाची नव्हती. एका वर्षी पाहुणे दीड तास उशिरा आले. सकाळी सातपासनं पोरं मैदानात उभी. आल्यावर त्यांनी देशाच्या भावी पिढीवर भाषण केलं आणि ती भावी पिढी त्यांच्या डोळ्यांदेखत घामानं भिजून उभी होती. बाईंनी आभारात पाहुण्यांना एका अक्षरानं दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांची वाट बघत उन्हात उभ्या राहिलेल्या पाचवीच्या मुलींचे आभार. त्यांतल्या दोघी चक्कर येऊन पडल्या, त्यांना उचलून व्हरांड्यात नेणाऱ्या महिपतीमामांचे आभार. त्यांना साखरपाणी करून देणाऱ्या कमलताईंचे आभार." पाहुणे बूट बघत बसले. नंतर हेडमास्तरांच्या खोलीत बाईंना बरंच ऐकावं लागलं. बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "जाधव, मी खोटं काय बोलले?" मी म्हणालो, "काही नाही." माझी हिंमत एवढीच असायची, दाराबाहेरची.

महिपतीमामा आमचे शिपाई. सडसडीत, अबोल माणूस. शाळेत घंटा देण्यापासून ते साप मारण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडं. पण त्यांची खरी मास्टरी झेंड्याच्या गाठीत. झेंडा घडी घालून, आत पाकळ्या भरून, दोरीनं असा बांधायचा की खालनं एक हिसका दिला की गाठ सुटली पाहिजे, झेंडा उलगडला पाहिजे आणि पाकळ्या पडल्या पाहिजेत. गाठ सैल झाली तर झेंडा चढतानाच उलगडतो, घट्ट झाली तर पाहुणा ओढत बसतो. मामांची गाठ तीस वर्षांत एकदाही फसली नाही. आदल्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ती बांधायला बसायचे आणि त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

मग संस्थेत चेअरमन बदलले. नवे साहेब पांढऱ्या गाडीतनं यायचे, आणि सोबत त्यांचा पुतण्या, प्रशांत सर, आमच्याकडं खेळाचा शिक्षक म्हणून आला. आल्या आल्या सव्वीस जानेवारी. प्रशांत सर म्हणाले, "झेंडा शिपायानं का बांधायचा? मी एनसीसी केलंय." बांधला त्यांनी. चांगली मजबूत गाठ मारली, गाडीवर उसाच्या मोळ्या आवळतात तशी. चेअरमनसाहेबांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. दोन्ही हातांनी ओढली. वर झेंडा गाठोड्यासारखा लटकलेला आणि खाली साहेबांची टोपी घसरलेली. पोरं खुदखुदायला लागली. शेवटी मामा पुढं झाले, झेंडा अलगद खाली घेतला, गाठ सोडवली, नवीन बांधली, वर चढवला आणि दोरी साहेबांच्या हातात देऊन मागं सरकले. एका ओढीत पाकळ्या पडल्या.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, "पहिली गाठ कुणी बांधली ते विचारू नका. दुसरी महिपतीमामांनी बांधली. मामा, उभे राहा." टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. साहेबांनी मात्र मनात गाठ मारली, आणि ती सुटणारी नव्हती.

त्याच सालच्या ऑगस्टअखेरीला मामा रिटायर होणार होते. म्हणजे येणारा पंधरा ऑगस्ट हा त्यांचा शेवटचा झेंडा. मामांनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही, पण त्या वेळी ते बाईंकडं आले. मी तिथंच मस्टर भरत होतो. हात मागं बांधून म्हणाले, "बाई, सुरेखाचा सासरा येणार हाय तासगावनं. पोरीच्या सासरी समदे म्हणत्यात, तुजा बा शाळंत काय करतो, तर घंटा बडवतो. तवा त्यास्नी जरा ऐकू येईल असं माझं नाव घ्या. लय न्हाई. झेंडा मी बांधतो, एवढंच."

बाई म्हणाल्या, "मामा, तुमचं नाव यंदा पहिलं."

मामा हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

चौदा ऑगस्टला दुपारी साहेबांच्या हापिसातनं कागद आला. कार्यक्रमाची रूपरेषा. आणि त्याच्याखाली पहिल्यांदाच आभाराचा मजकूर, शब्दन् शब्द लिहिलेला. बारा नावं. सगळी पुढाऱ्यांची, ठेकेदारांची, जाहिरात देणाऱ्यांची. ह्यांतल्या कुणी मैदानावरचा एक खडा उचलला नव्हता. आयत्या बिळावरचे नागोबा सगळे! आणि शेवटी ते वाक्य. "ज्ञात-अज्ञात." खाली सूचना, की ह्याव्यतिरिक्त कुणाचाही नामोल्लेख करू नये. मला हुकूम होता, हे स्वच्छ टाईप करून, प्रिंट काढून प्रत्येकाला एकेक प्रत द्यायची.

मी टाईप करत होतो आणि बाई आत आल्या. हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा. माझ्या मागं उभ्या राहून, चष्मा वर करून त्यांनी स्क्रीन वाचला. खालपर्यंत वाचला.

"जाधव, महिपतीमामा कुठंयत ह्यात?"

"बाई, वरून आलंय."

"वरून पाऊस येतो. कागद तुमच्या हातनं येतो."

मी मान वळवली नाही. म्हणालो, "बाई, नोकरी आहे माझी. मुलगा शिकतोय पुण्याला."

आता हे वाचताना कुणी म्हणेल, बिचाऱ्याचा नाइलाज होता. अजिबात नव्हता! मी काय करू शकत होतो ते मला तेव्हाही माहीत होतं. बाराच्या खाली तेरावं नाव घातलं असतं, तर साहेब चिडले असते, मला चार शब्द बोलले असते, फार तर माझी बदली दुसऱ्या शाखेत केली असती. फाशी दिली नसती कुणी. पण माझी बोटं घाबरली. मी ते वाक्य टाईप केलं, पूर्णविराम दिला, आणि जोडाक्षरं बरोबर आलीत का ते दोनदा तपासलं. ह्या गोष्टीची चीड मला साहेबांपेक्षा स्वतःची जास्त येते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

बाई थेट हेडमास्तरांकडं गेल्या. दार बंद होतं तरी आवाज व्हरांड्यात येत होता. "हा कागद मी वाचणार न्हाई. देशाचा झेंडा बांधणाऱ्याचं नाव देशाच्या दिवशी घ्यायचं न्हाई, हे कुठलं स्वातंत्र्य हाय?" हेडमास्तर काहीतरी समजुतीचं पुटपुटत होते. त्यांचंही तसंच, वरून आलेलं. पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या आणि लगोलग हेडमास्तर माझ्याकडं आले. म्हणाले, "आभारप्रदर्शनासमोर मोहितेबाईंचं नाव काढा. प्रशांत सर घाला." मी तेही काढलं. तेही घातलं.

पंधरा ऑगस्टला मामांनी गाठ बांधली होती. ते काम मात्र ह्या वेळी कुणी त्यांच्याकडनं काढून घेतलं नाही, आधीच्या फजितीनंतर कुणाची छाती होती? पांढरी टोपी नवी होती. पुरुषांच्या रांगेत त्यांचे व्याही बसले होते, मांडीवर बेदाण्याची पिशवी, बायकांमध्ये सुरेखा. एका ओढीत झेंडा उलगडला. व्याह्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि त्यानं मामांकडं बोट केलं. मामा खांबाजवळ ताठ उभे होते.

भाषणं झाली. प्रशांत सर माईकवर आले आणि कागद वाचायला लागले. एकेक नाव येत होतं. प्रत्येक नावाला मामा जरासे पुढं व्हायचे, आणि नाव भलत्याचंच निघालं की मागं सरायचे. हौसाबाईही पदर सावरून तयार बसल्या होत्या. बारा नावं झाली. मग प्रशांत सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "तसेच ज्या ज्ञात-अज्ञात..." आणि काय सांगू तुम्हाला, मामांनी हात जोडायला वर उचलले होते. त्यांना वाटलं, आता आपलं. वाक्य संपलं, वंदे मातरम् सुरू झालं, आणि ते हात तसेच अर्ध्यात राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेऊन पँटच्या शिवणीला चिकटवले. मी हे बघितलंय. मी तो पूर्णविराम दिला होता, आणि मी हे बघितलंय.

वंदे मातरम् संपलं. आता जिलेबी. आमच्या शाळेत जिलेबीच्या पुड्या फाटकातच देतात, म्हणजे कुणी दोनदा घेऊ नये. सगळ्यांनी त्याच फाटकातनं जायचं. आणि बघतो तर काय, जिलेबीच्या टोपलीशेजारी मोहितेबाई उभ्या! हातात लग्नपत्रिका. माईक नाही, व्यासपीठ नाही. आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा.

"हौसाबाई, तुमच्या बोअरचं पाणी होतं म्हणून धूळ उडाली नाही. आभारी आहे. गुलाबभाई, कप्पीला तेल घातलंत, आभारी आहे. सातवी ब, थांबा, पळू नका. रांगोळीतला अशोकचक्राचा एकही आरा कमी नाही, मी मोजले."

रांग तुंबली. मागचे लोक ओरडेनात, उलट पुढचं ऐकायला माना उंच करायला लागले. तेवढ्यात साहेबांची पांढरी गाडी आली आणि फाटकात अडकली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाई वळल्या. "हॉर्न वाजवू नका. आभारप्रदर्शन चाललंय."

साहेब काच खाली करून म्हणाले, "बाई, हा काय तमाशा लावलाय?"

"साहेब, तुमचंही नाव आहे," बाई पत्रिका चाळत म्हणाल्या. "चेअरमनसाहेब वेळेवर आले आणि राष्ट्रगीताला ताठ उभे राहिले. आभारी आहे."

काच वर गेली. ह्याचा वचपा त्यांनी पुढं काढला, बाईंकडनं खुलासा मागवला, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाची वेतनवाढ अडवली, सगळं केलं. पण त्या वेळी त्यांना गाडीत बसून पुढची सगळी नावं ऐकावी लागली.

मामा व्याह्यांना घेऊन आले तेव्हा बाईंनी पत्रिका खाली केली. ते नाव त्यांनी पत्रिकेत बघून घेतलं नाही.

"महिपतीमामा, तीस वर्षं ह्या शाळेचा झेंडा तुम्ही बांधलात. तुमची गाठ कधी फसली नाही. इथनं पुढं झेंडा दुसरं कुणी बांधील, पण बांधायचा कसा ते लोक तुमचं नाव घेऊनच सांगतील. यंदाचं पहिलं नाव तुमचं होतं. ते शेवटी आलं, त्याची माफी मागते."

व्याह्यांनी बेदाण्याची पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली आणि मामांच्या पाठीवर हात ठेवला. मामा टोपी सारखी करत म्हणाले, "आवं बाई, मायकावर न्हाई आलं. पर आलं."

लगेच कुणी म्हणू नका की चला, न्याय झाला. काही झाला नाही! सरकारी दिवस, शाळेचा माईक, आणि तीस वर्षं राबलेल्या माणसाचं नाव घ्यायला एका बाईनं जिलेबीच्या टोपलीजवळ, माश्या हाकत उभं राहायचं? ह्याला न्याय म्हणत असाल तर तुमचा न्याय तुम्हालाच लखलाभ.

हळूहळू मैदान रिकामं झालं. गाडी गेली, टोपली उचलली. मी मुद्दाम ऑफिसात रेंगाळलो होतो. कपाटाला कुलूप लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. वाटलं, आता बाई गेल्या असतील. बाहेर आलो तर फाटकात त्या एकट्याच उभ्या होत्या, आणि हातात शेवटची एक पत्रिका होती. मागं फिरावं तर दुसरं फाटक नव्हतं.

मी जवळ गेलो. म्हटलं, शिव्या देतील. द्याव्यात. मनातनं मी त्याचीच वाट बघत होतो.

बाईंनी चष्मा नीट केला. पत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेली एकच ओळ होती. त्यांनी ती वाचली, आणि आवाजात टोमणा नव्हता. शपथेवर सांगतो, नव्हता. जे हातानं केलं तेवढंच त्या बोलायच्या, आणि केलेलं कुणाचं सोडायच्या नाहीत.

"जाधव, कार्यक्रमाचा कागद तुम्ही टाईप केलात. स्वच्छ होता. त्यात एकही चूक नव्हती. आभारी आहे."

पत्रिका पर्समध्ये ठेवली, छत्री उघडली, आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागल्या. बोटांना रांगोळीचा केशरी रंग तसाच होता. मी फाटकात उभा राहिलो, आणि मला नमस्कारालाही हात जोडता आले नाहीत.